शिशाचा पाचवा मणी

झाकण चटईच्या काठाशी उलटं पडलं होतं... पांढरं, प्लॅस्टिकचं, अंगठ्याच्या पेरानं झाकलं जाईल एवढं, आणि त्याच्या आतल्या कडेला करड्या भुकटीचं एक बारीक वर्तुळ, कुणीतरी घाईत पेन्सिलीनं काढावं तसं. हातातला ब्रश तिनं तसाच अधांतरी धरला. समोर जुन्या वर्तमानपत्रावर विमान चाकांवर उभं होतं, डावा पंख रुपेरी झालेला, उजवा अजून मळकट पांढरा. ब्रशच्या टोकाला रंगाचा थेंब जमत गेला, फुगला आणि पडला. तो कागदावर पसरताना ती बघत राहिली आणि मग तिच्या मनात आलं, झाकण इथे आहे, तर डबी कुठे आहे?

डबी टेबलाच्या पायामागे होती. रिकामी.

रिकामी असणारच की, तिनं स्वतःला समजावलं. परवा त्यातले मणी आपणच तर काढून विमानाच्या नाकात भरले. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिशाचे मणी, वाटाण्याहून लहान, हातात घेतले की आकाराच्या मानानं चमत्कारिक जड लागणारे. हे विमान मुळातच मागे जड. अंड्यासारखं आखूड पोट, त्याच्या मागे दोन बारीक दांड्या आणि दांड्यांच्या टोकांना जोडणारी शेपटी. नाकात वजन भरलं नाही तर पुढचं चाक हवेत उचललं जातं. "मग ते मागे बसतं," बाबा म्हणाले होते, "जेवण झाल्यावर मी खुर्चीत बसतो तसं. पाच मणी टाक. चारात भागत नाही. आणि वजन भरल्याशिवाय पोट बंद करायचं नाही, मग देवसुद्धा उघडू शकत नाही."

पाच टाकले ना?

टाकले. म्हणजे... टाकलेच असणार.

तिनं ब्रश थिनरच्या बाटलीत उभा केला आणि खिडकी होती त्याहून थोडी जास्त उघडली. बाहेर दुपार नुसती करडी होती, समोरच्या इमारतीच्या भिंतीसारखी. रंगाचं काम ती फक्त ढमी झोपलेली असतानाच करायची. ढमी आतल्या खोलीत, बाबांच्या पलंगाशेजारच्या पाळण्यात; मधलं दार बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, खिडकी उघडी. थिनरचा वास चौदा महिन्यांच्या फुप्फुसांना किती वाईट, हे तिनं तीन ठिकाणी वाचलं होतं. गोंदाचंही तसंच. तेवढं सगळं जपलं. मण्यांना मात्र वास नव्हता, म्हणून परवा संध्याकाळी ते भरताना ढमी इथेच होती. इथेच, या चटईवर, लाकडी चमचा आणि वाटी घेऊन बसलेली. वास नाही म्हणून.

परवाची संध्याकाळ तिनं पहिल्यापासून आठवायला घेतली. पोटाचे दोन अर्धे भाग समोर ठेवलेले, उघडलेल्या शिंपल्यासारखे. डाव्या भागाच्या नाकात मातीसारख्या मऊ पुटीचा गोळा दाबला. बोटाच्या नखानं पुटीत खळगे केले. डबीतून एक मणी काढला, बसवला. दुसरा. तिसरा. चौथा... आणि स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा फस्सकन आवाज, जळका वास, ती उठली, गॅस बंद केला, फडकं फिरवलं, हात धुतले, परत आली. आल्यावर पाचवा बसवला. बसवला का? आपली दोन बोटं तिला स्पष्ट दिसत होती, मणी धरलेली, पुटीकडे जाणारी. पण तो चौथाही असू शकेल. कदाचित तो चौथाच होता. मग दोन्ही अर्धे गोंद लावून जुळवले, रबरबँड गुंडाळले, आणि ते इतके चपखल बसले की तिला एकटीलाच हसू आलं. तेव्हा ढमी चटईवरच होती. तोंडात काहीतरी होतं तिच्या. चमचा. चमचाच असणार.

लग्नाआधी ती औषधांच्या प्रयोगशाळेत होती. पांढरा कोट, काचेच्या पेटीतला तराजू, श्वास रोखून वाचायचे आकडे, दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या जागेपर्यंत. वरिष्ठ बाई म्हणायच्या, हिच्या वहीत खाडाखोड सापडली तर मला दाखवा, मी पेढे... नाही, पेढे नाही, काहीतरी वाटीन म्हणायच्या. ते काय होतं तेही आता आठवत नाही. चौथ्या दशांशापर्यंत मोजणारी बाई, आणि मला पाचापर्यंत मोजता येत नाही.

ती खाली बसली. चटई उचलली, झटकली. टेबलाखाली हात फिरवला, मग गाल जमिनीला लावून टॉर्च मारला. कपाटाखाली धूळ, एक मोजा, विमानाच्या किटच्या प्लॅस्टिक चौकटीतून तोडलेला एक फालतू तुकडा — हा तुकडाही तिथे नको होता, म्हणजे हाही ढमीच्या हाती लागू शकला असता — आणि पेनाचं टोपण. मणी नाही. खोलीचा उतार दाराकडे आहे, घरंगळला तर दाराकडे जाईल, म्हणून दाराची चौकट, मग पायपुसणं, मग बाहेरच्या चपलांच्या आतसुद्धा. चपलांत हात घालताना तिला वाटलं, आता कुणी बघितलं तर काय म्हणेल?

कुणी म्हणजे नवरा. तो काही वाईट बोलत नाही. तो गंमत करतो. पहिल्यांदा झग्याचं बटण होतं. ढमीच्या झग्याला चार बटणं, मोजली तर तीन, आणि ती ढमीला उचलून अनवाणीच दवाखान्यात धावली होती. बटण दुसऱ्या दिवशी धुण्याच्या मशीनच्या रबरात सापडलं. दुसऱ्यांदा खेळण्यातली बॅटरी, चपटी, चकचकीत, आतून जाळणारी. त्या वेळी एक्स-रे झाला. त्यात काही नव्हतं. बॅटरी सोफ्याच्या उशीखाली होती. डॉक्टर चांगले, वयस्कर, हसतमुख. "बाळ ठणठणीत आहे," ते म्हणाले होते, "आता आईला तपासू का?" सगळे हसले. नर्स, नवरा, डॉक्टर. तीही हसली, उलट सगळ्यांत जास्त तीच हसली. ते दोन्ही याच महिन्यात.

आणि आज ही तिसरी वेळ.

ढमी सकाळी दूध प्यायली नव्हती. निम्मी बाटली सोडली. काल रात्रभर किरकिर. दात येताहेत, असं बाबा म्हणाले, नवरा म्हणाला, तीही म्हणाली. दातच येत असतील. पण शिसं पोटात गेलं की मूल आधी किरकिरं होतं, मग खात नाही... हे तिला माहीत होतं, पुस्तकातून, परीक्षेत दहा गुणांसाठी लिहिलेलं. शिसं पोटातल्या आम्लात विरघळतं, हळूहळू, कुठलीही घाई न करता. काल आणि परवा बदललेले डायपर तिनं गुंडाळून टाकून दिले होते, न बघता. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली.

नवऱ्याला फोन लावला तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. तो साधा राहावा म्हणून तिनं आधी दोनदा घसा खाकरला होता.

"बोल."

"काही नाही. जेवलास?"

"कधीच. काय झालं?"

"काही नाही. ते विमानाचे मणी होते ना, बाबांचे. त्यातला एक सापडत नाहीये."

पलीकडे कुणाची तरी खुर्ची सरकली. मग त्याचा श्वास ऐकू आला, हसण्याच्या आधीचा.

"अगं, परत?"

"परत म्हणजे काय? मी फक्त सांगतेय."

"तू नाकात भरलेस म्हणाली होतीस. परवा जेवताना मला अर्धा तास समजावून सांगितलंस की नाकच का."

"हो."

"मग नाकात आहेत. आता डॉक्टरांकडे आपण महिन्याचा पासच काढू, सुट्टीच्या दिवशी मोफत." त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, चहा घे. दहा मिनिटं झोप. ढमी काय करतेय?"

"झोपलीय."

"झोपलीय ना? मग झालं तर. मी लवकर येतो."

फोन ठेवल्यावर तिला बरं वाटलं. खरंच वाटलं... कढत पाण्यात हात घातल्यावर पहिल्या क्षणी गारच वाटतं, तसं. तो म्हणतो ते खरंच असेल. तो म्हणतो तेच दोन्ही वेळा खरं निघालं होतं. आपल्या आत कुणीतरी सतत घंटा बडवत बसलंय, आणि आग कुठेच नाही. मग शहाण्या माणसानं काय करावं, घंटेला कान द्यावा की घंटाच काढून टाकावी?

ती विमानासमोर येऊन बसली. हे विमान चाकांवर उभं आहे. नाक खाली, शेपटी वर. चारात भागत नाही असं बाबाच म्हणाले, आणि हे तर उभं आहे, म्हणजे पाच आहेत. इतकं सोपं. तिनं करंगळीनं शेपटीला जरासा दाब दिला. नाक उचललं गेलं, पुढचं चाक कागदापासून सुटलं, विमान क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि मग सावकाश पुढे आलं. पुन्हा केलं. या वेळी ते मागे जाऊन तिथेच बसलं. तिनं बोटानं नाक खाली आणलं, उभं राहिलं. तिसऱ्यांदा पुढे आलं, चौथ्यांदा मागे. एका मण्याच्या वजनाचा प्रश्न, आणि शेपटीवर रंगाचे दोन हात चढलेले, रंगालाही वजन असतं. प्रयोगशाळेतल्या त्या तराजूवर ठेवलं असतं तर...

खरं म्हणजे हा रोजचा एक तास तिला आवडायचा. हेच कुणाला सांगता येत नव्हतं. किट बाबांनी आणलं होतं, आई गेल्यावर आणि इकडे राहायला येण्याआधी, नजर बऱ्यापैकी शाबूत होती तेव्हा. त्यांनी चौकटीतले निम्मे भाग तोडले, घासले, आणि मग काचबिंदूनं मधला उजेड तेवढा ठेवून बाजूनं सगळं मिटवत आणलं; आता तर मधलाही मेणकागदासारखा. "तूच पुरं कर पोरी," ते म्हणाले, "मी हात लावून बघेन." आधी तिनं ते त्यांच्यासाठी घेतलं. मग स्वतःसाठी. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून सांधा घासताना, तो बोटाला लागेनासा होईपर्यंत घासताना, डोक्यातलं सगळं गप्प व्हायचं. दूध, ताप, लसीची तारीख, गॅलरीच्या गजांमधलं अंतर, सगळं. परवा ते मणी बसवताना पाठीमागे मूल आहे हे मला आठवतही नव्हतं. चार-पाच मिनिटं मी कुणाची आई नव्हते. आणि मला छान वाटत होतं. हेच आहे ते. मण्यांचा हिशोब नंतरचा.

आतून ढमीचा आवाज आला, मग बाबांचा: "उठली गं महाराणी." दार उघडलं. बाबा एका हातानं भिंत चाचपत आले, दुसऱ्या काखेत ढमी. ढमीचा चेहरा झोपेनं सुजलेला, गालावर चादरीची घडी उमटलेली. तिनं झडप घालूनच मूल घेतलं. कपाळाला हात लावला, पोट दाबलं, तोंड उघडून आत बोट फिरवलं. ढमीनं बोट चावलं.

"काय शोधतेस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"टेबल सरकलेलं ऐकलं मी. कपाटाखाली हात घातलास. चपला आपटल्यास. फोनवर बोललीस." ते खुर्चीवर बसले. डोळे गेले तरी कान विमानदुरुस्तीच्या हँगरमधलेच होते. तीस वर्षं त्यांनी इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखलं होतं. "किती शोधतेस ते सांग. एक की दोन?"

"एक," ती म्हणाली. "एक मणी. बाबा, डबीत पाचच होते ना?"

हात पुढे करून त्यांनी विमान शोधलं, ओल्या पंखाला बोट लागलं ते तसंच राहू दिलं, आणि अंगठा पोटावरून फिरवत नाकापर्यंत नेला. हेच विमान, खरंखुरं, त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी पहिल्यांदा उघडलं होतं. हवाई दलाच्या त्यांच्या तळावर आलेली पहिली जेट विमानं. मेकॅनिक लोक त्यांना 'शिट्टी' म्हणायचे. पुढचं पोट चक्क लाकडाचं, हे ते प्रत्येकाला सांगायचे आणि कुणालाच खरं वाटायचं नाही. आणि तो फळा, ज्याच्यावर प्रत्येक पाना, प्रत्येक पेचकस टांगलेला आणि त्याच्यामागे त्याचीच आकृती रंगवलेली. काम संपलं की फळ्याकडे बघायचं. एखादी आकृती रिकामी दिसली की विमान सोडायचं नाही, सगळं परत उघडायचं. लहानपणी ती गोष्ट तिला परीकथेसारखी वाटायची.

"माझं नाव पेचकस पडलं होतं, सांगितलंय ना तुला?"

"हो. तुम्ही सगळं विमान उघडलंत आणि तो तुमच्याच डब्याच्या पिशवीत निघाला."

"चार महिने हसत होते. जेवायला बसलो की कुणीतरी ओरडायचं, अरे पेचकस, मीठ कुठाय बघ, उघड टेबल." ते हसले नाहीत. "पुढचं नाही सांगितलं. पुढच्या वर्षी फळ्यावर टॉर्चची जागा रिकामी होती. हाताएवढा टॉर्च. मी पुन्हा मोजलं. उभा राहिलो. म्हटलं, परत उघडायला लावलं आणि परत पिशवीतच निघाला तर? आणि कागदावर सही केली. सामान पूर्ण."

ढमीनं त्यांच्या गुडघ्यावर वाटी आपटली.

"मग?"

"मग काय. उडालं."

"आणि?"

"ते विमान दुसऱ्या तळावर द्यायचं होतं, तिकडे गेलं. तिकडून पुढे कुठे गेलं ते मला कळलं नाही. टॉर्चही सापडला नाही कधी, ना माझ्या पिशवीत, ना कुठे."

तिला एकदम त्यांचं जेवणाचं टेबल आठवलं. ती सात-आठ वर्षांची. आकाशात विमान गेलं की बाबांचा घास हातात थांबायचा. आई बोलत असली तरी थांबायचा. मान किंचित वर, आवाज पार विरून जाईपर्यंत ते घास तोंडात घालायचे नाहीत. केवढं प्रेम आहे यांचं विमानांवर, असं तिला वाटायचं. शाळेच्या निबंधात तिनं तसं लिहिलंही होतं. सगळ्या वर्गासमोर वाचूनही दाखवलं होतं.

"उघड," बाबा म्हणाले.

"रंग झालाय अर्धा. तुम्हीच म्हणालात, एकदा बंद केल्यावर..."

"मोज जुळत नाही ना? मग उघड."

तिनं ढमीला बाबांच्या मांडीवर दिलं आणि कटर घेतला. पोटाखालचा सांधा कुठे आहे हे तिचं तिलाच शोधावं लागलं, इतका तिनं तो घासून नाहीसा केला होता. पातं घुसेना. मग घुसलं, सटकलं, रुपेरी रंगावर एक लांब पांढरा ओरखडा उठला. बाबांनी तो आवाज ऐकला असणार. त्यांनी फक्त ढमीच्या केसांवर हनुवटी टेकवली. तिनं पातं पिळलं. कट्टकन आवाज करून नाक फुटलं, सांध्यावर नाही, भलतीकडेच, वैमानिकाच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणासकट.

पुटी वाळून घट्ट झाली होती. तिच्यात मणी होते, एक, दोन, तीन, चार. आणि त्यांच्या शेजारी एक खळगा. तिच्या नखाचा. तिनं तो खळगा खिडकीच्या उजेडात धरला, जणू मणी त्याच्या सावलीत बसला असेल.

"चार," ती म्हणाली. "बाबा, पाचवी जागा केलेली आहे. पण ती रिकामीच आहे."

"बरं."

"डबीत पाच होते ना? तुम्ही मोजून ठेवले होते."

"बोटांनी मोजले," बाबा म्हणाले. "पाच वाटले. त्यातला एखादा दोनदा हाताखाली आला असेल तर... मी शपथ नाही घेणार पोरी."

म्हणजे मणी जमिनीवर आहे, किंवा ढमीच्या पोटात आहे, किंवा मुळात कधी नव्हताच. तिनं ढमीकडे बघितलं. ढमी विमानाच्या फुटक्या नाकाकडे हात पसरत होती, तोंडातून लाळ, डोळ्यांत निव्वळ उत्सुकता.

"चप्पल घाला," ती बाबांना म्हणाली.

टॅक्सीत तिनं नवऱ्याला फोन केला नाही. नुसता निरोप लिहिला, दवाखान्यात जातोय, आणि फोन पर्समध्ये तळाशी टाकला. बाबा खिडकीशी बसले होते. वरून काही जात नव्हतं, तरी मान तशीच किंचित वर. अंगावरचा कोट त्यांनी उलटा घातला होता हे तिच्या आता लक्षात आलं. शिवण बाहेर. सांगावंसं वाटलं नाही.

डॉक्टरांनी तिला ओळखलं. अर्थात ओळखलं. "या," ते म्हणाले, "या वेळी काय?"

"शिशाचा मणी. एवढा. गिळला असेल. नक्की नाही माहीत."

"कुणी बघितलं गिळताना?"

"नाही."

"म्हणजे घरात दिसत नाही, म्हणून पोटात आहे," ते हसत म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लागेल असं काहीच नव्हतं. तिचे कान तापले. नेहमीप्रमाणे हसायला तोंड उघडलं गेलं, आणि तेवढ्यात शेजारून बाबा बोलले, समोरच्या कॅलेंडरकडे बघत, कारण डॉक्टर तिथे असावेत असा त्यांचा अंदाज होता.

"मोज जुळत नाही, साहेब."

डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं, उलट्या कोटाकडे बघितलं, आणि कागद ओढून एक्स-रे लिहून दिला.

एक्स-रे काढणारी बाई थोराड होती, कामाच्या घाईतली. "मुलीला धरायला तुम्हीच थांबा. पोटात काही नाही ना? दिवस-बिवस?"

"नाही."

"मग हा घाला." बाईनं खुंटीवरचा जाड एप्रन काढून तिच्या खांद्यांवर टाकला, आणि ती खालीच दबली. "शिशाचा असतो. सवय नसली की जड वाटतो." पाठीमागे पट्टा आवळला. थंडगार टेबलावर ढमीला आडवं केलं, तेव्हा ती आधी चकित झाली आणि मग तिनं भोकाड पसरलं. तिनं ढमीचे दोन्ही हात डोक्याजवळ धरून ठेवले, मनगटं इतकी बारीक की दोन्ही तिच्या एकाच मुठीत मावत होती. "हलू देऊ नका," बाई काचेपलीकडे जाऊन म्हणाली. "झालं. झालं झालं. उचला."

बाई काचेपलीकडेच पडद्यासमोर बसली. "थांबा जरा, नीट आलंय का बघते."

ती थांबली. ढमी हुंदके देत एप्रनच्या कडेला तोंड लावत होती. तिनं ते तोंड हलकेच बाजूला केलं. दाराच्या फटीतून कॉरिडॉरमधल्या बाकावरचे बाबा दिसत होते, गुडघ्यांवर हात, ऐकणारे. काचेपलीकडच्या पडद्याचा उजेड बाईच्या चष्म्यावर पडला होता, दोन लहान राखाडी चौकोन, आणि त्यात काय आहे ते इथून दिसत नव्हतं. बाईनं खुर्ची पुढे ओढली. वाकली.

दिसू दे.

हे कोण म्हणालं, असं तिनं मागे वळून बघितलंही असतं. खोलीत कुणी नव्हतं. दिसू दे, पांढरा, गोल, स्पष्ट, कुणालाही बोट ठेवून दाखवता येईल असा. नवऱ्याला दाखवता येईल, डॉक्टरांना, त्या नर्सला, हसलेल्या सगळ्यांना. बघा. मी म्हणत होते. मी वेडी नाही.

हे वाक्य तिच्यात पूर्ण झालं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, आणि मगच तिनं नको म्हटलं. नको, नको, काही नसू दे, मणी कधी नव्हताच असू दे, सगळे हसू देत, आयुष्यभर हसू देत. ती भराभर म्हणत राहिली, पण ते दुसरं होतं. पहिलं आधी येऊन गेलं होतं, आणि त्याला परत मागे नेता येत नव्हतं. दुपारपासून ज्याची भीती वाटत होती ते एवढंसं होतं, वाटाण्याहून लहान. हे त्याहून मोठं होतं आणि ते कुठल्याच एक्स-रेत येणार नव्हतं. तिनं ढमीला आवळून धरलं, तर मध्ये तो एप्रन. तिला आपल्या मुलीची छाती लागेना, फक्त तिचं वजन लागलं.

"आई," काचेपलीकडून बाईनं मान वर न करता हाक मारली, "इकडे या जरा."

त्या आवाजात काही होतं की नव्हतं, ते तिला ओळखता आलं नाही. तिनं एक पाऊल उचललं. ते खाली टेकण्याआधी ती थांबली, एक टाच हवेत, एप्रन पुढे ओढतोय, पाठीचा पट्टा मागे, आणि आपण कुठल्या बाजूला कलणार आहोत याची वाट बघत राहिली.